न फुटणारा रेणू

मार्च महिन्याच्या अकराव्या दिवशी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, संशोधनसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरील जंतुशाळेत क्षयावरील एकेचाळिसाव्या संयुगाचा निकाल वाचला जावयाचा होता. तो अनुकूल लागला तर संयुग उंदरांवरील चाचणीस जाणार होते. प्रतिकूल लागला तर रसायनज्ञांचे सात वर्षांचे काम त्याच दिवशी बंद होणार होते.

मूळ औषध जुने व गुणकारी होते. त्याचा दोष एवढाच, की त्याच्या रेणूचे शेपूट यकृतात तुटते आणि त्या तुकड्यांनी काही रोग्यांना कावीळ होते. रसायनज्ञांच्या पत्नीला ती झाली होती. ती बरी झाली. पण तिचे पिवळे डोळे रसायनज्ञ विसरले नाहीत. शेपटाच्या टोकाला त्यांनी अणूंचा एक गट बसवला, मग त्याहून दणकट दुसरा. पक्के बसवणे हा त्यांचा हातखंडा होता. त्यांनी घरी लावलेले झाकण उघडायला पत्नी शेजारच्या सुताराला हाक मारी.

अडचण अशी, की मूळ औषध स्वतः कोणालाच मारीत नाही. जंतू ते आत घेतो, आपल्याच पाचक द्रव्याने फोडतो आणि त्या तुकड्याने मरतो. जंतुशाळेच्या बाईंनी ही शंका दहाव्या संयुगालाच काढली होती.

"सर, यकृताला हे फुटत नाही, मान्य. जंतूला फुटेल कशावरून?"

"बाई, दोघांची पाचक द्रव्यं वेगळी. यकृताला जे कुलूप वाटतं, ते जंतूला दार वाटेल."

"आणि त्यालाही कुलूपच वाटलं तर?"

"अहो, माणसाची फुप्फुसं पोखरणारा प्राणी तो! माझा एवढासा गट त्याला जड जाणार?"

पुढे गट जितका दणकट होई, तितका औषधाचा जोर ओसरे. रसायनज्ञांनी त्याबद्दल प्रथम उबवणीपेटीला, मग द्रावकाला आणि एकदा बाईंच्या चष्म्याला जबाबदार धरले. एकेचाळिसावे संयुग मात्र त्यांनी आम्लात उकळले, उन्हात ठेवले, यकृताच्या अर्कात दोन दिवस बुडवले. ते तसूभरही ढळले नाही. त्याची बाटली उघडायला बाईंना पकड आणावी लागली.

"बाटलीच घालू का जंतूंच्या अंगावर?" त्या म्हणाल्या होत्या.

आता चार आठवड्यांनी बाईंनी तीन नळ्या समोर ठेवल्या. औषध नसलेल्या पहिलीत जंतूंचा खरबरीत, पिवळसर थर माजला होता. जुन्या औषधाची दुसरी स्वच्छ होती. तिसरी हुबेहूब पहिलीसारखी.

रसायनज्ञांनी भिंग लावून पाहिले. "नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना?"

"चिठ्ठ्या तुम्हीच चिकटवल्यात, सर. नखानंसुद्धा निघत नाहीत."

"मग औषध गेलं कुठं?"

"कुठंच नाही. मोजून पाहिलं. शंभरातले नव्याण्णव भाग जसेच्या तसे आहेत."

"नव्याण्णव?" क्षणभर रसायनज्ञांचा चेहरा उजळला, मग त्यांची नजर तिसऱ्या नळीवर गेली आणि ते खुर्चीत बसले. "काय लिहिताय?"

बाईंनी नोंदवही त्यांच्याकडे न फिरवता वाचून दाखवले.

"संयुग शाबूत. जंतूही शाबूत. उंदरांकडे पाठवू नये."