आजीच्या हातचा घास

“उघड तोंड! उघड म्हणते ना, मेल्या!”

आजीने उकडलेला बटाटा बोटांनी कुस्करून लोण्यासारखा मऊ केला होता आणि नातवाने ओठ गच्च मिटून घेतले होते. बोट जवळ आलं की तो मान फिरवी. शेवटी तिने गाल दाबून घास आत सारलाच. पठ्ठ्याने तो तिच्या पदरावर थुंकला आणि घर डोक्यावर घेतलं.

अंगणात वाळलेल्या मिरच्यांचा ढीग पडला होता. त्यांचे देठ खुडण्यात आजीचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. सून सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध मापायला जाई, तेवढा वेळ पोर आजीच्या ताब्यात असे.

“आई, जबरदस्ती नका करू,” सून दारातून म्हणाली. “सोमवारी नर्सबाई वजन करायला येणार. या वेळीही वजन घटलं तर शहरातल्या दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाल्यात.”

“म्हणून तर भरवतेय! तुझा नवरा याच बोटांनी वाढवला मी. माझ्या हातचा घास आजवर कुणी टाकला नाही.”

“उकडलेल्या फोडी त्याच्याच हातात द्या म्हणाल्या बाई. आपला आपण खाईल.”

“दोन दातांचं पोर फोडी खाणार? उद्या त्याला मिरच्या खुडायला बसव!”

भोपळ्याच्या उकडलेल्या, बोटाएवढ्या फोडी सुनेने ताटलीत घालून पोरापुढे सरकवल्या. आजी बडबडत राहिली, पण धास्ती तिलाही होती. पोराच्या मनगटाची हाडं हाताला लागायची आणि तिच्या जिवाचं पाणी व्हायचं.

पोराने एक फोड उचलली, उलटसुलट पाहिली, चोखली. मग दातांनी तिचा भलामोठा तुकडा तोडला.

तो घशाशी गेला. पोराचं तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी आलं, ओकारीवर ओकारी येऊ लागली. आजी बोट पुढे करून झेपावली. सुनेने तिचं मनगट धरलं.

“बोट घालू नका! तुकडा आत जाईल.”

“मरेल गं पोर! सोड मला!”

“खोकतोय ना? आवाज येतोय ना? खोकू द्या!” सुनेने पकड सोडली नाही.

पोर पुन्हा खोकलं आणि तुकडा हनुवटीवर आला. त्याने तो पाहिला, उचलला आणि परत तोंडात घातला.

सुनेने मनगट सोडलं. आजीला रडू फुटलं. “माझ्या सोन्या!” म्हणत तिने वाकून अंगठ्याने त्याचे ओठ पुसले, आणि पोराने एकदम टाहो फोडला. ओठ लाल झाले. मान तशीच फिरली, रोजच्यासारखी.

सुनेची नजर त्या अंगठ्यावर गेली. “आई, हात धुतले होते?”

“साबणाने चोळून चोळून!” आजीने स्वतःचं बोट चाटून पाहिलं. “काही लागत नाही बघ.”

सुनेने तिच्या अंगठ्याला जिभेचं टोक लावलं मात्र, ठसका लागून ती पाण्याच्या घागरीकडे धावली.

आजी आपले हात उलटेपालटे करून बघू लागली. मिरची कातडीत मुरली होती आणि तिखटाने तिची जीभ केव्हाच मेली होती. रोज मायेने ती त्या जिवाला तिखट चारत होती.

“तुझा नवरा लहान होता तेव्हा मी मिरचीला हात लावत नव्हते गं,” ती पुटपुटली.

सुनेने तोंड पुसलं. मग तिने पोराचे ओठ ओल्या फडक्याने टिपले.

सोमवारी नर्सबाईंनी पोराला काट्याच्या झोळीत घातलं. सून काट्याकडे बघत उभी राहिली. काटा थरथरला आणि मागच्या खुणेच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

“वाढलं की! दवाखान्याचं नाव नको आता,” नर्सबाई हसल्या. “कोण भरवतं याला?”

“आई असतात त्याच्याजवळ,” सून म्हणाली.

“मग आजीच्या हाताला गुण आहे म्हणायचा!”

आजीने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

“गुण कसला, बाई,” ती म्हणाली. “तो जेवतो तेव्हा मी हात बांधून बसते.”