झडपेबाहेरची आत्या

खोपटच्या लोहाराने मला घडवले, तेव्हा मी एखाद्या स्वयंपाकघरात जाईन अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझी नेमणूक झाली ती खाडीकाठच्या एका तुरुंगाच्या दरवाजावर. मी वीतभर लांबीची लोखंडी झडप आहे. शिपाई मला सरकवतो, बाहेरचा चेहरा न्याहाळतो आणि मगच कडी काढतो.

माझ्यासमोर आले की वकीलसुद्धा नकळत केस सारखे करतात.

त्र्याण्णव साली एक कैदी दुसऱ्याच्याच नावाने बाहेर पडला. तेव्हापासून नियम कडक झाला : फोटोशी चेहरा जुळल्याखेरीज कोणासही सोडावयाचे नाही.

पुढच्याच वर्षी दामाजी या कोळी कैद्याचे वडील वारले. दहाव्यापुरती, पोलीस बंदोबस्तात, त्यास रजा मिळाली. त्या सकाळी तो दरवाजाशी आला तो मुंडन करून, मिशीही उतरवून. फोटोत मात्र झुपकेदार मिशी होती.

"ह्यो त्यो न्हवं," नवा शिपाई महिपत म्हणाला. "सायेब येऊ द्यात."

साहेब दुपारनंतर येणार होते. पिंड दुपारच्या आत ठेवावयाचा होता आणि दामाजी एकुलता एक मुलगा. तो नुसता वरच्या ओठावरून बोट फिरवत राहिला.

बाहेर त्याची आत्या आवडाबाई न्यायला आली होती. तिने मुठीने मला बडवले.

"बापूस मेलाय त्याचा! मिशीला पीळ देत बसंल काय रं?"

"मावशी, फोटूत मिशी हाय. माझी नोकरी जाईल."

"मंग मिशीखाली बघ. ल्हानपनी माझाच गळ लागलेला, वरच्या ओठाला. खूण हाय का नाय?"

महिपतने दामाजीची हनुवटी उजेडाकडे वळवली. खूण होती, फोटोतल्या मिशीने ती झाकली होती.

त्याने मला सरकवले. आवडाबाईने आत पाहिले.

"अगो बाय... माझा दादूसच, ह्याचा बापूसच उभा हाय."

महिपतने कडी काढली.

आता नव्व्याण्णव साल आहे. माझ्यावर कॅमेरा बसला आहे आणि रंगाच्या थरांनी मी घट्ट झाले आहे. पुढेमागे यंत्रच चेहरे ओळखील, असे साहेब सांगत होते. माझी तक्रार नाही. माणसांची नजरही चुकलेली मी पाहिली आहे. विनंती एवढीच : यंत्र 'हा तो नव्हे' म्हणेल, तेव्हा दरवाजाबाहेर कोण उभे आहे, त्यास एकदा विचारावे.

मला सरकवावे. थोडे तेल मात्र लागेल.