फुकटातलं लग्न

अमेरिकेच्या वकिलातीला फेलिसा बिनलग्नाची हवी होती. फेलिसाच्या घरात मात्र इस्को होता, दोन मुली होत्या आणि चौदा वर्षांचा संसार होता. वकिलातीची त्याला हरकत नव्हती. पोरं चालतील, पुरुष चालेल, फक्त लग्न चालणार नाही, असा तो कायदा. कायद्याला शहाणपण कोण शिकवणार?

तिची आई, नानाय पासिंग, परक्यांचे म्हातारे सांभाळायला कॅलिफोर्नियात गेली आणि तिथंच म्हातारी झाली. आता ऐंशीला टेकली होती, गुडघे गेले होते, आणि तिला सांभाळायला कुणी नव्हतं. हातपाय धड होते तेव्हाच तिनं लेकीला तिकडं बोलवायचा अर्ज करून ठेवला होता. बिनलग्नाच्या मुलींची रांग वेगळी, लग्न झालेल्यांची वेगळी आणि कितीतरी लांब. म्हणून तिनं फोनवर बजावलं होतं, "इस्कोला जेवू घाल, त्याची पोरं वाढव, पण पाद्रीबाबासमोर उभी राहू नकोस." असा उपदेश करणाऱ्या आया आमच्या बातांगासच्या वस्तीत आणखीही होत्या, त्यामुळे कुणी तोंडात बोट घातलं नाही. फेलिसाला अमेरिकेचं वेड नव्हतं. आई डोळे मिटायच्या आत तिच्याजवळ पोचायचं, एवढंच तिचं म्हणणं.

अखेर नंबर आला, आणि फियांचा पाऊस सुरू झाला. अर्जाची फी, अर्ज तपासायची फी, पोलिसांनी 'ही चोर नाही' असं लिहून द्यायची फी, डॉक्टरांनी छातीत काही नाही असं सांगायची फी. नकार मिळाला तरी एक पेसो परत नाही. म्हणजे 'नाही' ऐकायचेही पैसे आपणच मोजायचे. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ज्याचं या प्रवासात तिकीटच नव्हतं त्या इस्कोनं आपली पोटापाण्याची तिचाकी रिक्षा विकली. घरातला तांदळाचा डबा तळाला गेला.

अशात फेब्रुवारीत मेयरसाहेबांना समाजसेवेचा उमाळा आला, कारण मे महिन्यात निवडणूक होती. शंभर जोडप्यांचं सामुदायिक लग्न, सगळं फुकट, वर प्रत्येकाला तांदळाचं पोतं. आदल्या दिवशी वस्तीचा प्रमुख, कपितान बेरोंग, फेलिसाच्या दारात घाम पुसत उभा.

"बोर्डावर शंभर रंगवलेत गं, आणि आलेत नव्व्याण्णव. तू नि इस्को येऊन बसा."

"कपितान, माझा व्हिसा व्हायचाय. लग्न केलं तर सगळं मुसळ केरात."

"लग्न कोण करतंय? शोभेला बस. सही कर, फोटो काढ, पोतं उचल नि चालू लाग. कागद माझ्या खणात राहील. माझ्या हातून आजवर कुठला कागद पुढं गेलाय, सांग बरं?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. गटाराचा अर्ज त्याच खणात तीन पावसाळे झोपला होता. सरकारी काम अन् सहा महिने थांब, यावर फेलिसाचा देवापेक्षा जास्त विश्वास. शिवाय फुकट ते पौष्टिक. ती गेली.

बास्केटबॉलच्या मैदानात, मेयरच्या फोटोखाली, उसना पांढरा अंगरखा घालून इस्को उभा राहिला आणि 'हो' म्हणताना रडला.

फेलिसानं चिमटा काढला. "अरे, शोभेचं आहे हे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी."

महिन्याभरानं शेवटचा कागद राहिला, लग्न झालेलं नसल्याचा दाखला. त्याचीही फी भरून झाली. नोंदणी कचेरीच्या खिडकीतली बाई संगणकाच्या पडद्याकडे बघून गोड हसली. "अहो, तुमचं फेब्रुवारीतच झालंय की. अभिनंदन."

फेलिसा तडक कपितानकडे गेली. त्याची छाती फुगलेली. "मेयरसाहेबांना आकडा दाखवायचा होता ना, स्वतः उभं राहून आठ दिवसांत शंभरच्या शंभर नोंदी करून घेतल्या. आपल्या कचेरीचं काम पहिल्यांदा वेळेवर झालं बघ."

लग्न मोडावं तर आमच्या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही. ते झालंच नव्हतं असं कोर्टाकडून लिहून घ्यायचं, त्याला वर्षं लागतात आणि वकिलाची फी वेगळी. राहिली ती लग्न झालेल्या मुलींची लांबलचक रांग. त्या रांगेतून इस्कोलाही जाता येणार होतं. अट एकच, नंबर येईपर्यंत अर्ज करणारी आई जिवंत हवी.

घरी येऊन तिनं फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. नानाय पासिंग रागावेल म्हणून इस्को अंगणात जाऊन बसला होता.

म्हातारी म्हणाली, "इस्को खरंच रडला?"

"हो, आई."

"चांगला आहे पोरगा. नवी रांग किती वर्षांची?"

"जुनाच अर्ज धरतात, तरी अजून आठ म्हणतात. दहाही लागतील."

"म्हणजे नव्वदीपर्यंत." म्हातारीनं हिशेब केला. "डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनच्या मागे लागला होता. आता कशाला, किती दिवस राहिलेत, म्हणून मी नाही म्हटलं होतं. उद्या फोन करते त्याला."