चौथी खुर्ची

गणिताच्या बाई निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी माणसांना मनातल्या मनात गुण द्यायची खोड काही गेली नव्हती. छातीतला कॅन्सर हाडांत उतरला होता आणि वरची जखम चिघळून तिला वास सुटला होता. सर्जननी आडपडदा ठेवला नाही. "स्तन काढून आयुष्य एका दिवसानंही वाढणार नाही. वास मात्र जाईल."

"मग काढा. दिवस वाढवून मागतंय कोण? मला टेबलाशी सगळ्यांबरोबर बसून जेवायचंय."

तीन महिन्यांपूर्वी त्यांचं ताट आतल्या खोलीत गेलं होतं. "तुला आराम पडावा म्हणून गं, आई," मुलगा म्हणाला होता. म्हणून होताच त्यानं श्वास रोखला होता, हेही बाईंनी टिपलं होतं.

ऑपरेशनआधी नर्सनं फॉर्म दिला. आजारामुळे घरच्यांसोबत राहण्यात किती अडथळा येतो? एक म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे खूप. बाईंनी चारवर गोल केला.

टाके निघाले, जखम सुकली. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सनं नाक जवळ नेऊन निर्वाळा दिला. त्या दुपारी बाई भिंतीला धरत टेबलापाशी आल्या. खुर्च्या तीनच. चौथी गॅलरीत कुंड्या सांभाळत होती.

"उठलात कशाला, आई? ताट आतच आणत होते की," म्हणत सुनेनं खिडकी उघडली.

"अगं, आता वास नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

तेवढ्यात नातीनं आजीकडे बघून फ्रॉकची कॉलर नाकावर ओढली.

"आता नाही करायचं तसं," मुलगा हळूच म्हणाला.

म्हणजे आधी करायचं होतं. शिकवणी चोख झाली होती.

"पाय भरून आले," म्हणत बाई आत वळल्या. मागोमाग ताटही आलं.

महिन्याभरानं तपासणीला गेल्यावर तोच फॉर्म पुन्हा समोर आला. शेजारी मुलगा, नजर पेनाच्या टोकावर. बत्तीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी ग्रेसचा एक गुणही कुणाला दिला नव्हता. पस्तीसला पास असताना पोटच्या पोराला चौतिसावर नापास केलं होतं. पेन चारपाशी थोडं रेंगाळलं. मग बाईंनी एकवर गोल केला.

मुलानं रोखलेला श्वास सोडला.