हळदीचं तेल

प्रांजल माझ्या मोठ्या दिरांची मुलगी, पण वाढली माझ्या कुशीत. लहानपणापासून तिची कातडी नाजूक. साबण बदलला की पुरळ, नवा फ्रॉक घातला की चट्टे. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "काकी, हळदीचा त्याल तूच कर. बाजारचा मना नाय सोसत."

मला काय आनंद झाला! माझा नवरा काशिराम गेल्याला चौदा वर्षं झाली. आमच्या पळस्प्याकडच्या गावात विधवेने नवरीला हळद लावायची नाही. का, असं विचारलं की सगळ्या बायकांना अचानक कामं आठवतात. हात नाही तर नाही, माझं तेल तरी पोरीच्या अंगाला लागेल, एवढाच माझा हट्ट होता.

कडुनिंबाचा पाला आणि झेंडूच्या पाकळ्या चार दिवस सावलीत वाळवल्या. ओल राहिली तर तेलाला बुरशी धरते. बरणीत पाला बुडेल इतकं घाण्यावरचं खोबरेल ओतलं आणि ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात तीन तास ठेवली. फडक्यातून गाळलं, तर कडुनिंबाचा उग्र वास. लग्नघरात असा वास नको, म्हणून थोडा कापूर चुरून घातला. तिथे माझा शहाणपणा नडला.

कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायचं, हे प्रांजलनेच मोबाइलवर दाखवलं होतं. पण ती तळोज्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये कामाला. तिला सुट्टी मिळेना. मग मी माझ्याच हाताला लावलं. दोन दिवस झाले, काही नाही. होणार कशाने? दहाव्या वर्षापासून मी मिठागरात मीठ ओढलेलं. खाऱ्या पाण्याने कोपराच्या वरपर्यंत कातडी रापून गेली आहे, उकळता चहा सांडला तरी कळत नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

हळदीच्या संध्याकाळी पाच सवाष्णींनी माझ्या तेलात हळद कालवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. धवलारीण भामा लग्नाची गाणी म्हणत होती. अर्ध्या तासात पोरीची मान लाल झाली, मग गाल सुजले, डोळे बारीक झाले. डॉक्टरला बोलावलं, इंजेक्शन दिलं.

भामाने विचारलं, "त्याल कोनी केला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चूक माझी हाय," मी म्हणाले. "कापूर घातला, नि माझ्याच हातावर लावून बघितला."

माझी जाऊ सुमती, प्रांजलची आई, जवळ आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझी कसली चूक, शकू? तुझा नशीबच तसा. तू तरी काय करशील?"

तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चुकीची माफी मागता येते. नशिबाची कोणाकडे मागायची?

एक आशा होती. पोरगी लॅबमध्ये काम करते, ती तरी या बायकांना सांगेल, की हे कापराचं काम आहे, काकीच्या कपाळाचं नाही. सकाळी तिने मला आत बोलावलं. सूज बरीच उतरली होती. मेकअपवाली बाजूला थांबली होती.

"काकी, मना ठावं हाय, कापरानंच झाला," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "पन आज मांडवान मागं बस ना गो. आई घाबरलीय. फकस्त आजचा दिस."

"बसते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लग्न तिचं होतं.

मी शेवटच्या रांगेत बसले. कोणीतरी हातावर अक्षता ठेवल्या. मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला, सगळ्यांनी पोरीवर अक्षता टाकल्या. माझी मूठ उघडली नाही. मनाशी म्हटलं, शके, तुझ्या हाताने आज तिच्यावर काही नको पडायला.

कापराने झालं, हे मला अजूनही पक्कं माहीत आहे.