तेल कुठे जातंय

सरोजने पर्समधून वही काढली, उघड्या बॉनेटखाली बॅटरीवर सपाट जागा पाहून ती तिथे ठेवली आणि तिसरं पान वर केलं.

"हे आधी वाचा," ती म्हणाली. "मग मास्टर सिलिंडर खोला."

धम्मपालने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. शीळफाट्याच्या अलीकडे रस्त्यालगत त्याचं पत्र्याच्या शेडचं गॅरेज होतं. माणूस चाळिशीचा, मोजकं बोलणारा. गेला तासभर तो गाडीची चाकं एकेक उतरवून आत टॉर्च मारून बघत होता.

"काकू, चारी चाकं कोरडी आहेत. पाइप पण कोरडे. पेडल टाइट लागतंय. लिकेज असतं तर काहीतरी दिसलं असतं ना."

"चाकं कोरडी आहेत हे मला माहीत आहे," सरोज म्हणाली. "पान सहा."

शेडच्या बाहेर विनीत फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. तिचा मुलगा. घोडबंदर रोडला त्याचं ऑफिस आणि तिथेच, सव्विसाव्या मजल्यावर, घर. आज त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती आणि सकाळपासून तो धुमसत होता, कारण आईने चालू गाडी टोचन करून आणायला लावली होती. डोंबिवलीच्या सोसायटीतून गाडी दोराने ओढत बाहेर पडली तेव्हा वॉचमनपासून तळमजल्यावरच्या आजींपर्यंत सगळे बघायला आलेले.

"आई, गाडी चालतेय गं. मी स्वतः घोडबंदरहून चालवत आणलेली."

"टोचन," एवढंच सरोज म्हणाली होती.

गाडीला आता अठरा वर्षं झाली होती. सरोज पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली, त्यानंतर महिन्याभरात घेतलेली ही पहिली आणि एकमेव गाडी. दसऱ्याच्या सुमाराला समोरच्या पॅनलवरचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर लुकलुकायला लागला, आणि मग सरळ रस्त्यावरही लागून राहायला लागला. पहिल्या गॅरेजवाल्याने ब्रेकचे पॅड बदलले. दुसऱ्याने ब्रेक ऑइल भरून दिलं. दिवा गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. तिसरा म्हणाला, जुनी गाडी आहे काकू, दिव्याकडे बघूच नका.

बघू नका, हे सरोजला जमण्यासारखं नव्हतं. डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं काढली होती. तिथे काटा हलला की माणूस उठून का हलला ते बघायला जायचा. तिने ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा उभा लावला, पट्टीने त्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या, आणि रोज सकाळी, गाडी त्याच जागी उभी असताना, सुरू करण्याआधी पातळी लिहायला सुरुवात केली. आठवड्याला दोन मिलिमीटर. कधी अडीच. आठ रात्री तिने गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी कागद जसेच्या तसे, एक थेंब नाही. पॅड झिजले की पातळी उतरते हे तिने वाचलं होतं, पण पॅड नवे होते. म्हणजे तेल जात होतं, बाहेर येत नव्हतं, आणि हवेतही उडत नव्हतं. मग ते आत कुठेतरी साठत असणार. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातली आकृती तिने चार रात्री भिंग घेऊन पाहिली. ब्रेकच्या नळ्यांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला तो काळा, डब्यासारखा गोल बूस्टर, ज्याच्यामुळे पायाला जोर कमी लागतो. तेलाला गुपचूप जायला दुसरी जागाच नव्हती.

धम्मपालने सहावं पान वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. बोट लावून वाचत होता तो, आणि मध्येच थांबून टाकीवरच्या पट्टीकडे बघत होता.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"रोज?"

"गाडी चालवत होते तोपर्यंत रोज."

धम्मपालने वही परत जागेवर ठेवली. गाडीत बसून त्याने चावी फिरवली. पॅनलवरचे बाकीचे दिवे लागले. त्याने हँडब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. ब्रेकचा लाल दिवा काही लागला नाही. मग वाकून पॅनलची कड चाचपली.

"हे कुणीतरी उघडलेलं दिसतंय." दोन स्क्रू काढून त्याने पॅनल पुढे घेतलं आणि आत बोट घातलं. "बल्बच काढलाय! ब्रेकचा बल्ब! कुठल्या गाढवाने केलं हे?"

विनीतचं फोनवरचं बोलणं थांबलं होतं. तो शेडच्या तोंडाशी उभा होता.

"ते राहू दे आत्ता," सरोज पटकन म्हणाली. "आधी सिलिंडर."

धम्मपालने दोन नट सोडवले. नळ्यांना धक्का न लावता त्याने सिलिंडर हळूच पुढे ओढला. त्याच्या पाठीमागून एक जाड, तपकिरी थेंब सुटला आणि बूस्टरच्या काळ्या पत्र्यावरून ओघळला. धम्मपालने तारेच्या टोकाला चिंधी गुंडाळली, बूस्टरच्या भोकातून आत सोडली आणि बाहेर काढली. चिंधी टोकापासून तीन बोटं भिजलेली होती.

त्याने चिंधी नाकाशी धरून वास घेतला.

"पाठचं सील गेलंय," तो शेवटी म्हणाला. "सगळं तेल ह्या डब्यात. बाहेर दिसणार कसं? काकू, वीस वर्षं झाली मला ह्या लाइनमध्ये. तुम्ही सांगितलं नसतं तर मी पण ऑइल भरून पाठवलं असतं तुम्हाला."

"आणि मग?"

"मग काय. एक दिवस टाकी रिकामी. पायाखाली पेडल मऊ पडलं असतं. पत्रीपुलाच्या उतारावर, नाहीतर इथे फाट्यावर, मागे कंटेनर." त्याने चिंधी शेजारी पडलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली, जपून, पुरावा ठेवावा तशी. "मानलं तुम्हाला."

सरोजने मान हलवली. तिला हसू येत होतं आणि ते तिने ओठ मिटून आत ठेवलं. एकतीस वर्षांत तिचे अंदाज पुष्कळदा बरोबर आले होते, पण त्यांच्याखाली सही नेहमी दुसऱ्या कुणाचीतरी असायची. ही वही पहिल्या पानापासून तिची होती. तिने पाठ ताठ केली आणि चष्मा उगाचच नाकावर नीट बसवला.

धम्मपाल कल्याणच्या दुकानाला फोन लावत बाहेर गेला. विनीत आत आला. त्याने भिजलेली चिंधी पाहिली. मग बॅटरीवरची वही उचलली आणि पानं उलटत शेवटच्या नोंदीवर आला. त्यात काय लिहिलंय ते सरोजला पाठ होतं.

*७ फेब्रुवारी, शनिवार. वि. गाडी दुरुस्त करून घेऊन आला. दिवा लागत नाही. हँडब्रेक ओढूनही लागत नाही. बल्ब काढण्यात आला आहे. आजपासून गाडी बंद. सान्वीला पोहायला रिक्षाने नेणे.*

सान्वी विनीतची नऊ वर्षांची मुलगी. शनिवार-रविवार ती आजीकडे असायची, आणि तिचा पोहण्याचा क्लास डोंबिवलीतच होता. गाडी दुरुस्त करून दिली तरी आजी रिक्षाच करते, ती रुसलीये, असं बाबा म्हणत होता, हे सान्वीनेच येऊन सांगितलं होतं. सरोजने तिला उत्तर दिलं नव्हतं. बल्ब गॅरेजवाल्याने परस्पर काढला की कुणाच्या सांगण्यावरून, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत नोंद अशीच करतात. काय झालं ते लिहायचं, कुणी केलं ते नाही.

विनीत ते पान बराच वेळ धरून होता. एवढ्या चार ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही.

धम्मपाल परत आला. "सिलिंडर मिळतोय, तासाभरात येईल. सीलसकट नवाच टाकू."

"धम्मपाल," विनीत म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला, मग तो खाली आला. "तो बल्ब. तो मी काढायला सांगितलेला."

धम्मपालने वर पाहिलं.

"आमच्या तिकडच्या गॅरेजवाल्याला. म्हटलं, सेन्सर असेल, आई उगाच टेन्शन घेते, तो दिवाच घालवून टाका." तो आईकडे वळला. "आणि तुला येऊन सांगितलं, सेन्सर होता, बदलला. आई, तू सान्वीला घेऊन... तू जर..."

त्याची नजर भिजलेल्या चिंधीवर गेली.

कारखान्यात चुकलेला नमुना लोक गुपचूप बेसिनमध्ये ओतायचे, बाटली विसळायचे, आणि नवा घ्यायचे. चारचौघांत उभं राहून, माझ्याकडून बिघडला, असं सांगणारी माणसं तिला एकतीस वर्षांत दोनच भेटली होती. दोघांनाही तिने पुढे हक्काने आपल्या टेबलावर मागून घेतलं होतं. तिने विनीतकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, बाहीला कुठेतरी लागलेलं ग्रीस, आणि हातात तिची वही. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"वही खाली ठेव," ती म्हणाली. "पानांना डाग पडतील."

सिलिंडर आला तेव्हा दुपार कलली होती. धम्मपालने बूस्टर पुसून कोरडा केला, नवा सिलिंडर बसवला, टाकीत स्वच्छ तेल भरलं, पॅनलमध्ये बल्ब घातला.

"आता नळ्यांमधली हवा काढायची," तो म्हणाला. "आज माझा माणूस नाही. मी चाकापाशी बसतो, कुणीतरी पेडल मारा. आणि काकू, कधी दाबायचं, कधी सोडायचं ते तुम्ही माझ्याकडे बघून सांगा. मी चाकाखाली असतो, माझा आवाज आत जात नाही."

विनीत गाडीत बसला. सीट मागे सरकवून त्याने बूट पेडलवर ठेवला. सरोज दाराशी उभी राहिली, एक हात टपावर ठेवून.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब, आता धर."

मागच्या चाकापाशी धम्मपालने नट सैल केला. बुडबुड्यांसकट तेल बाटलीत उतरलं. त्याने नट आवळला आणि हात वर केला.

"सोड."

एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं. विनीतच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला त्याने हात उचलला नाही. चौथ्या चाकाला बुडबुडे थांबले. नुसतं स्वच्छ तेल आलं आणि धम्मपालने नट आवळला.

"आई," विनीत खालच्या आवाजात म्हणाला, "आता खाली जात नाहीये. दगडासारखं लागतंय."

"बोलू नकोस. धर."

धम्मपालने नट पुन्हा एकदा आवळून पाहिला, पाना बाजूला ठेवला आणि हात वर केला. सरोजने तो पाहिला. विनीतला तो दिसत नव्हता. तो मान वर करून फक्त तिच्याकडे बघत होता, पाय पेडलवर घट्ट रोवून.

तिने सोड म्हणायला थोडा वेळ लावला. तोवर त्याने पाय काढला नाही.