घंट्यांचं पोतं

खुशाल कॉलेजात गेला तर बापूरावांना काय काय मिळणार होतं, ते त्यांनी चैत्रातच मनाशी मांडून ठेवलं होतं. पहिली गोष्ट म्हणजे रामराम. सरकारनं त्यांची मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, काढून घेतल्यापासून गावातले रामराम आखूड झाले होते. पूर्वी लोक चपला हातात घेऊन, कमरेत वाकून रामराम घालत. आता चालता चालता मान हलवत, आणि काही जण तर तोंडातली बिडीसुद्धा काढत नसत. पोरगा शेतकी शिकून अधिकारी झाला की जीप गावात येणार, ती दुसऱ्या कुणाच्या नाही तर बापूरावांच्याच दारात थांबणार, आणि जीपला रामराम घालताना माणूस पुरता वाकतो हे त्यांनी हिंगणीला डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरी गोष्ट सून. वर्ध्याकडची, शिकलेली, वजनदार घरची. तिसरी गोष्ट ते कुणाला सांगत नसत. त्यांचे चुलतभाऊ भैय्याजी, त्यांचा मुलगा मॅट्रिकला दोनदा गचकला होता.

खुशालला स्वतःला काय मिळणार, हे कुणी मांडलं नव्हतं. त्यानंही नाही.

ते साल सत्तावन्न. खुशाल मॅट्रिकचे पेपर देऊन वर्ध्याहून घरी आला होता. नागपूरच्या ज्या कॉलेजात त्याला घालायचं होतं, त्यांची प्रवेशाची परीक्षा वेगळी होती, जूनमध्ये. बापूराव स्वतः सीताबर्डीला जाऊन उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आले. त्यात प्रश्न होते आणि प्रश्नांखाली उत्तरंही होती.

"याच्यातलंच येते म्हणे," बापूराव म्हणाले. "दुकानदार सांगत होता. आता तुले काही बहाना नाई."

खुशालची अभ्यासाची तऱ्हा निराळी होती. हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला टेकलेलं त्यांचं गाव. गावचा गायकी तानबा सकाळी सगळ्यांची गुरं जंगलात नेई आणि दुपारी नाल्याकाठच्या मोहाखाली बसवी. दर उन्हाळ्यात खुशाल तिथं जाऊन बसायचा. जयवंताही यायचा. जयवंता म्हणजे नाल्याकडच्या वस्तीतल्या प्रेमदासचा मुलगा, खुशालच्याच वर्गातला, वर्ध्याला वसतिगृहात राहणारा. एकानं पुस्तक धरायचं आणि विचारायचं, दुसऱ्यानं डोळे मिटून ओरडून सांगायचं. भोवती शंभरेक गळ्यांतल्या घंट्या वाजत असायच्या. त्या आवाजात खुशालच्या डोक्यात गोष्टी जाऊन बसत. कशा बसत, ते त्याला सांगता आलं नसतं. वर्ध्याला त्याची खोली पीठगिरणीच्या माडीवर होती, आणि गिरणी बंद असली की त्याला भूमिती सुचत नसे.

हे बापूरावांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की पोट्टा पुस्तक घेऊन जनावरांत बसतो, आणि बसतो तोही कुणाबरोबर.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाव बोलावलं. मालगुजारी गेल्यावर गाव बोलावण्याचं काही कारण त्यांच्याकडं उरलं नव्हतं. आता मिळालं.

"खुशाल परीक्षेले बसून राह्यला," ते म्हणाले. "कोनाचा पोरगा हाय तो?"

"तुमचा, मालक," मागून कुणीतरी म्हणालं.

"गावाचा! गावाचा पोरगा हाय. अधिकारी झाला त गावाचाच होईन. तवा परीक्षा होईपर्यंत आवाज नाई पायजे."

मग एकेक बाब निघाली. देवळातलं दुपारचं भजन बंद. लोहारानं भाता गावाबाहेर न्यावा. भैय्याजींचा कुत्रा केळझरला त्यांच्या मेहुण्याकडं धाडावा. भैय्याजी म्हणाले, "कुत्रा काय परीक्षेले बसून राह्यला का?" पण कुत्रा गेला. शेवटी बापूराव तानबाकडं वळले. गावची गुरं सकाळ-संध्याकाळ खुशालच्या खिडकीखालून जात.

"घंट्या काढ सगळ्यायच्या."

तानबा हसला. त्याला वाटलं, मालक गंमत करतात. "मालक, घंटी नसन त रानात जनावर सापडन कसं? झाडीत काय दिसते?"

"डोये कायले देल्ले देवानं?"

"असं करतो न मालक, गावात काहाडतो अन् रानात बांधतो. येताना पुन्हा काहाडतो."

"रोज शंभर गळे सोडशीन अन् बांधशीन? एक दिवस इसरशीन. नाई, सगळ्या आनून माह्या घरी ठेव."

ज्यांची जनावरं होती ते सगळे तिथंच बसले होते. एकेकानं मान डोलावली. जुनी सवय, सात वर्षांत ती मोडत आली होती, पण पुरती मोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी तानबानं घंट्या एका पोत्यात भरून आणल्या आणि बापूरावांनी ते पोतं खुशालच्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, कारण त्या खोलीला कुलूप होतं. बापूरावांच्या बसायच्या दमणीच्या बैलांची घुंगरमाळ मात्र तशीच राहिली. मालक येत आहेत हे लोकांना कळायला नको?

त्या आठवड्यापासून बापूरावांना रामराम पूर्वीसारखे मिळू लागले. लोक दबक्या पावलांनी दारावरून जात, ओठांवर बोट ठेवून वाकत आणि हळूच विचारत, "अभ्यास चालू हाय न मालक?" परीक्षा अजून व्हायची होती, पण बापूरावांची वसुली सुरू झाली होती.

आणि खुशाल खोलीत बसला होता.

पुस्तक पुढ्यात असे. तो पहिली ओळ वाची, मग पुन्हा पहिली ओळ वाची. बाहेर इतकं शांत असे की आईनं स्वयंपाकघरात भाकरी थापताना हात हलका ठेवला तेही कळे. सारं गाव आपल्यासाठी श्वास धरून बसलं आहे, हा विचार पानावर येऊन बसे आणि उठत नसे. पाय लांबवला की पोत्याला लागे, पोतं किणकिणे, आणि ओसरीवरून बापूराव खाकरत.

"बाबा, मी नाल्याकडे जाऊन वाचू का?" त्यानं एकदा विचारलं.

"काऊन? इथं काय कमी हाय?"

"इथं... काईच नाई."

"तेच त केलं न तुह्यासाठी!"

"मंग पुस्तक तरी जयवंताले द्या. चार दिवस. तो बी बसून राह्यला परीक्षेले."

"आधी तू वाच. मंग देऊ."

पुस्तक खुशालचं वाचून होत नव्हतं, त्यामुळं ते जयवंताला मिळत नव्हतं. खिडकीला गज होते आणि गजांतून उशीएवढं पुस्तक जात नाही.

त्याच वैशाखात जयवंताच्या बहिणीचं, रंभाचं लग्न निघालं. वस्तीतल्या लोकांनी मागल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली होती. त्यानंतरचं हे पहिलं लग्न. प्रेमदासनं सेलूहून बँड ठरवला होता आणि वरात गावच्या मोठ्या रस्त्यानं न्यायचं ठरलं होतं. त्या रस्त्यानं त्यांच्या वरातीनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मोठा रस्ता बापूरावांच्या दारावरून जात होता. बापूरावांनी रंभाच्या लग्नाबद्दल चकार शब्द काढला नाही. ते फक्त अभ्यासाबद्दल बोलले, आणि वरात दारावरून नको, असा निरोप घेऊन खुशाललाच धाडलं.

प्रेमदास मांडवाच्या मेढी रोवत होता. खुशालचं ऐकून घेतलं आणि त्यानं हात पुसले.

"तुह्या बापाले तुह्या अभ्यासाची फिकर हाय का आमच्या वरातीची?"

खुशाल मेढीच्या बुडाची माती पायानं दाबू लागला.

"सांग न बाबू. तू शिकलेला पोरगा हायस."

"मले नाई माहीत, काका," खुशाल म्हणाला. माहीत होतं.

"तुह्या बापानं सांगतलं असतं त बँड दोनदा नेला असता त्याच्या दारावरून," प्रेमदास म्हणाला. "पन तू आला. जयवंताचा दोस्त हायस. तुह्या परीक्षेले आमच्या घरून अपशकुन नको. बँड नाल्यापलीकडं वाजन. जाय."

जयवंता त्याला नाल्यापर्यंत पोचवायला आला.

"पुस्तक आनलं का?"

"नाई."

"कसं हाय?"

"जाड हाय," खुशाल म्हणाला. दुसरं काही त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

रंभाची वरात मागच्या पांदीतून, शेतांमधल्या अरुंद वाटेनं गेली. बँड नाल्यापलीकडं, पळसांना ऐकवत वाजला. खुशालनं तो खिडकीशी उभं राहून ऐकला. लांबून येणाऱ्या त्या आवाजात त्याची दोन पानं वाचून झाली, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मग अन्नपूर्णाबाईची गाय गेली.

अन्नपूर्णाबाई गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं. तांबडी गाय होती, तिचं दूध हिंगणीला जायचं आणि त्यावर घर चालायचं. तांबडीला कळप सोडायची खोड होती. दरवर्षी ती झाडीत शिरे आणि तानबा तिच्या घंटीच्या आवाजावर जाऊन तिला हाकलून आणी. त्या दिवशी संध्याकाळी तो हाका मारत फिरला. झाडीतून काही वाजलं नाही. सकाळी ती वरच्या नाल्यात सापडली. वाघानं अर्धी ठेवली होती.

अन्नपूर्णाबाई भर गावातून रडत आली. एवढ्या दिवसांत गावात उठलेला तो पहिला मोठा आवाज. ती बापूरावांच्या ओसरीपाशी आली, आणि बापूराव उठून उभे राहिले.

"हळू, बाई, हळू. पोट्टा वाचून राह्यला."

ती गप्प झाली. अगदी एकदम, पदर तोंडात धरून. खुशाल दारात येऊन उभा होता. ती त्याच्याजवळ गेली.

"पास होजो, बापा," ती म्हणाली. "नाई त माही तांबडी फुकट गेली."

त्यानंतर खुशालला पहिली ओळही वाचता येईना.

"घंट्या देऊन टाका, बाबा," तो म्हणाला.

"आता थोडेच दिवस राह्यले," बापूराव म्हणाले. "इतकं केलं, ते वाया घालवू का?" तांबडीचा खर्च त्यांनी आपल्याच बाजूला लिहून घेतला होता.

तानबा हुशार निघाला. त्या दिवसापासून तो गुरं जंगलात नेईनासा झाला, बोडक्या पडीतात उभी करू लागला. दूध आटलं. शिव्या त्यालाच बसल्या.

परीक्षेला बापूराव दमणी जुंपून हिंगणीपर्यंत आले. नागपूरच्या मोटरीत जयवंताही होता. "वाचलं का रे सगळं?" त्यानं विचारलं. खुशालनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते जयवंतानं विचारलं नाही.

परीक्षेच्या दालनाला लागून टिनवाल्यांची गल्ली होती. पत्र्यावर हातोडे पडत होते, टांगे जात होते, कुणी कुणाला आयमाय आठवून बोलवत होतं. मुलं वैतागली, खिडक्या लावा म्हणाली. खुशालला मात्र बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं. डोकं जागच्या जागी आल्यासारखं झालं. त्यानं पेपर उलटला. आवाज भरपूर होता. डोक्यात मात्र काही नव्हतं. प्रश्न त्या पुस्तकातलेच होते. पान कुठलं, डाव्या हाताचं की उजव्या, खाली तेलाचा डाग कुठं होता, सगळं त्याला दिसत होतं. उत्तर दिसत नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं. जयवंताला निम्मं येत होतं, ते लिहून झालं होतं. निम्मं पुस्तकात होतं. तो आढ्याकडं बघत बसला होता.

यादी लागली तेव्हा बापूराव एकटेच नागपूरला गेले. यादीत दोघांचीही नावं नव्हती. परत आल्यावर ते घरी गेले नाहीत, आधी चावडीवर बसले. खुशाल तिथंच, खांबाशी होता.

"पोट्ट्याचं सगळं तयार होतं," ते म्हणाले. "पन ऐन वक्तावर त्या अन्नपूर्णीनं गायीसाठी गळा काढला. पोराचं ध्यान मोडलं ते मोडलं. बाईमानसाले समजत नाई."

लोकांनी खुशालकडं पाहिलं. तेवढ्यात बोलायला जागा होती. तो बोलला नाही, आणि जागा बुजली.

दुसऱ्या दिवशी लोक येऊन आपापल्या घंट्या घेऊन गेले. पोतं रिकामं झालं असं वाटलं, पण झटकल्यावर तळाशी एक वाजली. पितळी, कडेला चिरलेली. खुशाल ती घेऊन गावाच्या टोकाला गेला. अन्नपूर्णाबाई गाय नसलेला गोठा झाडत होती.

"तुह्या बापानं सांगतलं चावडीवर," ती म्हणाली. "माह्या रडन्यानं तू नापास झाला. खरं हाय का रे?"

"नाई, काकू. खोटं हाय."

"मंग मले काऊन सांगतं? चावडीवर सांगाचं व्हतं."

त्यानं घंटी पुढं केली. तिनं घंटीकडं पाहिलं.

"ने ते. मी काय कोनाच्या गळ्यात बांधू?"

त्या उन्हाळ्याची बेरीज करायची तर अशी होते. लोहाराचे महिनाभर हाल झाले. भैय्याजींचा कुत्रा केळझरला रमला तो परत आला नाही. रंभा पांदीतून सासरी गेली. तानबाकडून निम्म्या लोकांनी गुरं काढून घेतली. जयवंता रस्त्याची गिट्टी फोडायच्या कामावर लागला. पुढल्या साली बसतो म्हणाला, पुस्तक मिळालं तर. अन्नपूर्णाबाईनं दोनदा भरलं, एकदा गायीनं आणि एकदा नावानं. बापूरावांचं काही गेलं नाही. रामराम आखूड झाले, पण ते आधी होते तेवढेच.

खुशालच्या नावावर एक घंटी राहिली. ती त्यानं खिडकीच्या गजाला बांधली, आणि वाजू नये म्हणून आत चिंधी कोंबली.